नोझी म्हणजे नेमकं काय, आणि सोलापुरात तो शब्द कुणाकुणाला लावायचा

मागच्या महिन्यात एका रात्री साडेदहाला बहिणीच्या लेकीचा पुण्यावरनं फोन आला, आवाज रडवेला, म्हणली मावशी मला ऑफिसात एकानं नोझी म्हणलाय, आता माझी कंप्लेंट होते काय ग. मी आधी घाबरले, मग विचारलं कोण म्हणाला, कशावरनं म्हणाला, त्याच्या आधी तू काय बोललीस, तोंडी होतं का मेसेज, आणि त्याचं लग्न झालंय का. हे सगळं विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आत्ता मी जे करायलेय ना, त्यालाच तो शब्द आहे.

झालेलं असं की तिच्या टीममध्ये एक इंग्रज आहे, तिकडं लीड्सला बसतो, त्यानं ग्रुपवर टाकलं की गुरुवार शुक्रवार मी रजेवर. ही आपली साखर पेठेत वाढलेली पोरगी, हिनं लगेच विचारलं का बरं रजा, घरी सगळं ठीक ना, कुणी आजारी आहे का, गावाला चाललायस का. त्यानं लिहिलं, यू आर व्हेरी नोझी टुडे, आरन्ट यू, आणि पुढं डोळा मारणारी स्मायली. हिनं मोबाईलवर अर्थ बघितला तर आलं, दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसणारा. झालं, जेवली नाही रात्रभर.

मी जुळे सोलापूरला घरीच इंग्रजी बोलायचे क्लास घेते, पंधराएक वर्षं झाली, आणि ह्या एका शब्दावर माझ्याकडं इतके घोळ साठलेत की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. एक पोरगा तर नोकरीच्या अर्जात आय अ‍ॅम व्हेरी नोझी अबाउट न्यू मशिन्स असं लिहून आला होता, कारण त्याला जिज्ञासूला शब्द पाहिजे होता आणि त्यानं कुठून तरी तो उचलला. त्या कंपनीनं त्याला बोलावलं नाही. आता ते ह्याच वाक्यामुळं का अजून कशामुळं देव जाणे, पण मशीनमध्ये नाक घालणारा माणूस कुणाला पाहिजे असतो.

आधी उच्चार, कारण निम्मी गडबड तिथंच होते. नोझी मराठीत लिहिलं की आपण ते माझी सारखं वाचतो. तसं नाही. मराठीत माझा म्हणताना झ वेगळा लागतो आणि माझी म्हणताना वेगळा, बघा एकदा म्हणून. नोझी मधला झ हा माझा मधल्या झ च्या जवळचा आहे, जीभ दातामागं घासली पाहिजे. दुसरं म्हणजे नॉइझी, म्हणजे गोंगाट करणारा, तो वेगळा शब्द. क्लासमध्ये दर बॅचला एक तरी जण माझे शेजारी फार नोझी आहेत, रात्रभर डीजे लावतात असं म्हणतोच. शेजारी दोन्ही असू शकतात म्हणा.

शब्द सरळ आहे, नोज म्हणजे नाक, त्याला शेवटी ईकार लावला. आपल्याकडं नाक खुपसणे आहे, त्यांच्याकडंही पोक युअर नोज आहे, दोघांनाही नाकच सापडलं ह्याची मला गंमत वाटते, कारण माहिती काढायचं खरं काम कान आणि डोळे करतात. पण कुत्रं घरात शिरताना बघा, आधी नाक आत येतं आणि मग बाकीचं कुत्रं. तसंच असावं ते.

पहिल्यांदा ह्या शब्दाचा अर्थ नुसता मोठ्या नाकाचा एवढाच होता. वेलिंग्टनचा ड्यूक, ज्यानं १८१५ ला वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, त्याला त्याचे सैनिक ओल्ड नोझी म्हणायचे, कारण त्याचं नाक खरंच पोपटासारखं होतं. हा माणूस आपल्याला परका नाही बरं का, वॉटर्लूच्या बारा वर्षं आधी हाच आर्थर वेलस्ली आपल्या मुलखात होता, १८०३ च्या ऑगस्टमध्ये ह्यानंच अहमदनगरचा किल्ला घेतला आणि सप्टेंबरात आत्ताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांच्या फौजेशी लढला. म्हणजे एका अर्थानं त्यानं दुसऱ्याच्या घरात नाक खुपसलंच, पण सैनिक ज्या अर्थानं म्हणायचे तो हा नव्हे. भोचक हा अर्थ त्या शब्दाला चिकटला तो एकोणिसावं शतक संपायला आल्यावर.

नोझी पार्कर असाही एक प्रकार ऐकायला मिळतो, म्हणजे आपण कसं म्हणतो कळीचा नारद, तसा भोचक माणसाला एक नाव-आडनावच देऊन टाकायचं. ह्याच्यावर एक कथा लई फिरते की पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, १५५९ ते १५७५, कँटरबरीचा आर्चबिशप होता मॅथ्यू पार्कर, त्याला चर्चच्या कारभारात बारीक बारीक चौकश्या करायची सवय होती, त्याच्यावरून हे आलं. ऐकायला छान आहे पण हे दोन शब्द एकत्र छापलेले सापडतात ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०७ च्या आसपास, एका गमतीच्या पोस्टकार्डावर. मधली सव्वातीनशे वर्षं शब्द काय माळ्यावर ठेवला होता का. तर ती कथा सांगा, पण खरी म्हणून नको.

आता मुद्द्याचं. नोझीला मराठी शब्द काय? भोचक जवळचा आहे, पण माझं मत जरा वेगळं आहे आणि मी क्लासमध्ये तसंच शिकवते. आपण घरात काय काय म्हणतो ते आठवा. नसत्या चौकश्या. नसती उठाठेव. नसत्या पंचायती. नसता शहाणपणा. प्रत्येक ठिकाणी चौकशी, उठाठेव, पंचायत हे शब्द आपापल्या जागी चांगले आहेत, आजारी माणसाची चौकशी करायची असते, पंचायत तर न्याय द्यायला बसायची. वाईटपणा सगळा त्या नसत्या मध्ये आहे. नसता म्हणजे जो नाही तो. जी चौकशी करायचं नातं नाही, काम नाही, कुणी बोलावलं नाही, ती नसती. पाच पंच गावानं नेमले तर ती पंचायत, आणि तुम्ही स्वतःच स्वतःला पंच नेमलं की नसती पंचाईत. तर इंग्रजीनं जे नाकात ठेवलं ते मराठीनं नसत्या मध्ये ठेवलंय, आणि आपलं जास्त बरोबर आहे असं मला वाटतं, कारण त्यांच्या शब्दात चूक कुठं आहे ते कळत नाही, आपल्या शब्दात कळतं. नसत्या चौकश्यांना आपल्याकडं एका जातीच्या नावावरनं पडलेला शब्द पण आहे, मोठी माणसं सहज वापरतात, तो मी मुद्दाम लिहीत नाही, त्यात त्या लोकांचा काय दोष.

म्हणून प्रश्नाकडं बघून नोझी ठरत नाही. पगार किती हा प्रश्न घ्या. बँकेत कर्जाला गेल्यावर साहेबानं विचारला तर काम. आत्यानं विचारला तर माया, म्हणजे निदान आत्या तरी तसंच म्हणते. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये समोर बसलेल्या काकांनी कुर्डुवाडी यायच्या आत विचारला तर नोझी. शब्द तेच, बदललं काय तर विचारणाऱ्याचं तुमच्याशी असलेलं नातं. इंग्रजांच्यात हे नातं मोजायची पट्टी वेगळी आहे एवढंच. पगार, वय, लग्न का नाही, मूल का नाही, घर कितीला घेतलं, कुणाला मत दिलं, ह्या गोष्टी जवळच्या मित्रानं पण जपून विचारायच्या. रजा कशाला हे तर नाहीच. आपल्याकडं रजा कशाला हे न विचारणारा माणूस माणूसघाणा ठरतो.

आणि आपलं सोलापूर म्हणजे अजून वेगळं, इथं चौकशी चार भाषांत चालते. सकाळी मी दूध आणायला निघाले की कोपऱ्यावरच्या कन्नड आजी ऊटा आय्ता विचारतात, जेवण झालं का, सकाळी सात वाजता. क्लासला येणाऱ्या पद्मशाली पोरीची आई भेटली की तेलुगूत एक्कडिकि, म्हणजे कुठं निघालात. रिक्षावाला कुठं चाललाव ओ मॅडम. ह्यातलं एकही खरं म्हणजे माहितीसाठी विचारलेलं नाही, ते नुसतं तुला बघितलं मी, असं सांगणं आहे. ह्याला हं, आलेच जाऊन एवढं उत्तर पुरतं, तुम्ही कुठं जाताय ते कुणाला नको असतं. इंग्रज कसे वेदर छान आहे म्हणतात तसंच. त्यामुळं आपल्या माणसानं इंग्रजीत व्हेअर आर यू गोइंग असं शब्दाला शब्द ठेवून विचारलं की समोरचा गडबडतो, त्याला वाटतं हा माझ्या पाळतीवर आहे. तिथं दोष शब्दाचा नाही, आपण नमस्कार पाठवला आणि तिकडं तो चौकशी होऊन पोचला.

चौकस आणि भोचक ह्यात जो फरक तोच क्युरिअस आणि नोझी मध्ये. चौकस पोरगं म्हटलं की शाबासकी, भोचक पोरगं म्हटलं की धपाटा. क्युरिअस हा मूळ लॅटिन क्युरा वरनं आलाय, क्युरा म्हणजे काळजी, आस्था. म्हणजे यंत्र कसं चालतं, तारे का चमकतात, सिद्धेश्वर तळ्यातलं पाणी हिरवं का, हे सगळं क्युरिअस. शेजारच्या सुनेनं माहेरी जाताना दोन बॅगा नेल्या का तीन, हे नोझी. त्या अर्जातल्या पोरानं क्युरिअस लिहायला पाहिजे होतं. इन्क्विझिटिव्ह म्हणून अजून एक आहे, तो ह्या दोघांच्या मध्ये कुंपणावर बसलेला, शाळेच्या प्रगतिपुस्तकात आला तर कौतुक, पोलीस स्टेशनात आला तर नाही.

आता भोचक, लुडबुड्या आणि चोंबडा, हे आपण एकाच दमात म्हणतो पण तीन वेगळी माणसं आहेत. भोचकाला फक्त कळून घ्यायचंय. लुडबुड्या कळल्यावर हात घालतो. आणि चोंबडा इथलं तिथं पोचवतो. नोझी म्हणजे फक्त पहिला. हात घालणाऱ्याला मेडलर, म्हणजे मेडल करणारा म्हणतात, आणि पोचवणाऱ्याला गॉसिप. हे गॉसिप पण मजेशीर आहे, जुन्या इंग्रजीत तो शब्द होता गॉडसिब, म्हणजे बाळाच्या बाप्तिस्म्याला जे मानलेले आईबाप उभे राहतात ते. तिथून अर्थ घसरला जवळच्या मैत्रिणींवर, मग बाळंतिणीच्या खोलीत जमणाऱ्या बायकांवर, आणि मग त्या तिथं बसून जे बोलतात त्याच्यावर. बारशाला गेलेली कुठलीही बाई हा प्रवास न सांगता समजून घेईल. चोंबड्याला मात्र इंग्रजीत एका शब्दात पकडता येत नाही, काढून घेणं आणि पोचवणं दोन्ही एकाच माणसात, एवढं कौशल्य आपल्याकडंच.

नोझीच्या मागं एक आख्खी जिन्याची पायरी-पायरी आहे, ती नीट कळली की इंग्रजी पेपर वाचताना गोंधळ होत नाही. नोझीच्या एक पायरी वर प्राय. प्रायिंग आईज हे ऐकलं असेल, टपून बसलेल्या नजरा. नोझी माणूस विचारून मोकळा होतो, प्राय करणारा खोदतो, त्याला जे झाकलंय तेच बघायचं असतं. पहारीनं झाकण उचकटणे ह्यालाही प्राय म्हणतात आणि खूप जणांना वाटतं दोन्ही एकच, पण ते दोन वेगळे शब्द आहेत, वेगळ्या घरातनं आलेले, योगायोगानं सारखे झाले. तरी लक्षात ठेवायला पहार बरी पडते म्हणून मी क्लासमध्ये पहारच सांगते.

त्याच्या वर स्नूप. आणि हा माझा सगळ्यात लाडका. डच भाषेत स्नूपन म्हणजे घरात कुणाला न सांगता गोड काहीतरी चोरून खाणं. संक्रांतीला शेंगापोळ्यांचा डबा फडताळात वर ठेवलेला असतो, दुपारी सगळे झोपलेत, आणि कुणीतरी पाटावर चढून डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबून धरून दुसऱ्या हातानं असं उचलतंय की टक् आवाज होऊ नये, पोळी काढताना वरची नीट परत तशीच ठेवतंय म्हणजे उंची कमी दिसायला नको, हे स्नूपन. डच लोकांबरोबर हा शब्द अमेरिकेत आला, एकोणिसाव्या शतकात तिथल्या इंग्रजीत मिसळला, आणि पोळीच्या जागी दुसऱ्याच्या गोष्टी आल्या. बाकी हालचाल तीच, दबकं पाऊल, झाकण, परत जागच्या जागी. म्हणून नोझी आणि स्नूप मध्ये खरा फरक कळायला हा डबा लक्षात ठेवायचा. नोझी तोंडावर विचारतो, पोळ्या आहेत का हो. स्नूप करणारा विचारत नाही, तुमच्या पाठीमागं डबा उघडतो. नवऱ्याचा मोबाईल तो आंघोळीला गेल्यावर बघणं हे स्नूपिंग. २०२१ ला पेगॅसस नावाच्या सॉफ्टवेअरनं सरकार लोकांच्या फोनमध्ये हेरगिरी करतं असे आरोप झाले तेव्हा इंग्रजी पेपरांत मथळ्यामध्ये स्नूपिंग स्नूपिंग असं रोज असायचं ते ह्याच्यामुळं, शब्द छोटा, मथळ्यात बसतो, आणि चोरून हा अर्थ त्यात आपोआप येतो. तिथं नोझी कधीच येणार नाही. सरकारला नोझी म्हणणं म्हणजे दरोडेखोराला खट्याळ म्हणणं झालं.

ईव्हज्ड्रॉपिंग म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं गुपचूप ऐकणं. ईव्हज म्हणजे छपराची पुढं आलेली कड, आपली वळचण, आणि जिथं पागोळीचं पाणी पडतं ती भिंतीलगतची जागा म्हणजे ईव्हज्ड्रॉप. त्या जागेत भिंतीला चिकटून उभा राहून आतलं ऐकणारा तो ईव्हज्ड्रॉपर. कोकणातल्या माणसाला हे चित्र पटकन दिसेल. आमच्या मोहोळकडं आजोळी माळवदाचं घर, तिथं कसली आली वळचण, पण माळवदाला उजेडासाठी हातभर भोक ठेवलेलं असायचं आणि उन्हाळ्यात वर वाळवणाची राखण करायला आम्हा पोरांना बसवलं की खालचं सगळं जसंच्या तसं वर यायचं, मामीचं आणि आज्जीचं भांडण मी कुरडया राखत पूर्ण ऐकलंय. इंग्लंडात हा चक्क गुन्हा होता. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोननं त्यांच्या कायद्यावर जे मोठं पुस्तक लिहिलं त्यात भिंतीखाली, खिडकीखाली, वळचणीला उभं राहून ऐकणारे आणि त्यावर कंड्या पिकवणारे लोक म्हणून ह्यांची नोंद आहे. तो गुन्हा कायद्यातनं काढला कधी, तर १९६७ ला. म्हणजे जे लोक आपल्याला नोझी म्हणतात त्यांच्याकडं हा आजार एवढा होता की त्याला कलम लावावं लागलं.

कॉम्प्युटरवाले पण ईव्हज्ड्रॉपिंग म्हणतात, तुमचा मेसेज वाटेत कुणीतरी वाचणं. व्हॉट्सअ‍ॅपवर एन्ड टू एन्ड एन्क्रिप्टेड अशी जी ओळ दिसते ती ह्या वळचणीला उभ्या असलेल्या माणसासाठी आहे, त्याला आता वाटेत काही कळत नाही. पण एसटीत तुमच्या शेजारी बसून मान वाकडी करून स्क्रीन वाचणाऱ्या बाईंवर त्याचा काही इलाज नाही. त्या प्रकाराला शोल्डर सर्फिंग म्हणतात, एटीएमला पिन टाकताना मागं चिकटून उभा राहणारा पण त्यातलाच, आणि तो नोझी नसून चोर असू शकतो म्हणून तिथं हात आडवा धरायला लाजू नका.

रबरनेक हा अमेरिकेतला. मान रबरासारखी ताणून बघणारा. पुणे रोडला अपघात झाला की ह्या बाजूचा ट्रॅफिक तुंबतोच, पण दुभाजकाच्या पलीकडचा, जिथं काहीच झालेलं नाही, तो पण तुंबतो, कारण प्रत्येकजण स्लो करून बघतो. ते रबरनेकिंग. ऑस्ट्रेलियात भोचकाला स्टिकीबीक म्हणतात, म्हणजे चिकट चोचीचा. आणि ब्रिटनमध्ये कर्टन ट्विचर, पडदा बोटभर सरकवून गल्लीत कोण आलं गेलं बघणारा. आमच्याकडं पडद्याची भानगड नाही, खुर्चीच बाहेर टाकून बसतात, निदान प्रामाणिक तरी.

वापरायचा कसा ते सांगते. नोझी हा घरगुती, हलका शब्द आहे. मित्राला, बहिणीला, लहान पोराला चालतो. डोन्ट बी सो नोझी, म्हणजे ए, नसती चौकशी नको हं. बॉसला, सासऱ्याला, गिऱ्हाइकाला चालत नाही. खरोखर तक्रार करायची असेल, की अमुक माणूस मुलाखतीत माझ्या लग्नाचं विचारत होता, तर तिथं नोझी लिहू नका, तुमची तक्रार गमतीची होऊन जाईल, तिथं इन्ट्रूसिव्ह लिहा, म्हणजे हद्द ओलांडून आत शिरणारा. सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो स्वतःला लावून. सॉरी टू बी नोझी, बट... हे म्हणजे आपलं, विचारू नये पण विचारते. अगदी तेच, तोच लाडिकपणा, तीच अर्धी माफी, आणि त्याच्यानंतर येतो तो प्रश्न कधीच साधा नसतो. जस्ट बीइंग नोझी म्हणजे सहज विचारलं हो, काही नाही. ब्रिटिश लोक तर हॅव अ नोझी असं पण म्हणतात, नवीन घर बघायला गेले की लेट मी हॅव अ नोझी, म्हणजे एक चक्कर टाकून बघू द्या जरा. तिथं तर त्यात वाईट काहीच नाही.

आणि जिथं हा शब्द मुळीच चालत नाही तेही. एखादा माणूस एखाद्या मुलीचं इन्स्टा रोज बघतो, तिला मेसेज करत राहतो, ती नको म्हणतेय तरी, त्याला काही लोक सहज म्हणतात अहो तो जरा नोझी आहे. नाही. ते स्टॉकिंग, आणि भारतीय न्याय संहितेत कलम ७८ त्यालाच आहे, बाई इंटरनेटवर, ईमेलवर काय करते ह्याच्यावर पाळत ठेवणं सुद्धा त्यात येतं, पहिल्या वेळेला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चोरून बघणं, फोटो काढणं ह्याला ७७ आहे. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलंय की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आता ह्या निकालानं माझ्या आत्या थांबणार नाहीत हे मला माहितीये.

कारण आत्या काय चीज आहे ते सांगते. परवा शेजारच्यांचं कुरिअर आलं, ते घरी नव्हते म्हणून पोरगा आमच्याकडं ठेवून गेला. आत्या ओसरीत शेंगा फोडत बसलेली. खोकं तिच्या पुढ्यात. आधी तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही, चार शेंगा फोडल्या. मग हात पदराला पुसून खोकं जरा बाजूला सरकवलं, सरकवताना उचलून वजन बघितलं. मग परत शेंगा. मग म्हणली, उन्हात नको, गरम होईल, आणि आत घेऊन जाताना कानाजवळ नेऊन हळूच हलवलं. चष्मा लावून पत्ता वाचला, खाली बारीक अक्षरात सुरत असं होतं. साडी आहे, म्हणली, एक नाही, दोन आहेत, आणि ह्या महिन्यात त्यांच्यात कार्य तर काही नाही. उघडलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. आता हे नोझी का स्नूप? मी क्लासमध्ये हा प्रश्न टाकला तर अर्धा तास भांडण झालं. माझं म्हणणं नोझीच, कारण झाकणाला हात लावला नाही. पण संध्याकाळी शेजारीण न्यायला आली तेव्हा आत्यानं खोकं देता देता जे विचारलं, की काय ग, माहेरचं कुणी येणारे का, ते ऐकून तिचा चेहरा जो झाला, त्याच्यावरनं तिला तरी फरक वाटला नसावा.

तर बहिणीच्या लेकीला मी हे सगळं सांगितलं, एवढं लांबवून नाही, पण सांगितलं. म्हटलं त्यानं तुला भोचक म्हणून हाकललेलं नाही, आपण कसं हसत म्हणतो ना, फार चौकश्या करतेस ग तू, तेवढंच आहे. डोळा मारणारी स्मायली आहे म्हणजे राग नाही. फक्त त्यानं उत्तर पण दिलेलं नाही, हे पण बघ, म्हणजे दार हसून लावलंय, पण लावलंय. आता परत विचारू नकोस, नुसतं हाहा सॉरी, जस्ट बीइंग नोझी, एन्जॉय युअर डेज ऑफ असं टाक आणि जेव. तिनं तसं टाकलं. त्यानं थम्सअप दिला.

सोमवारी परत फोन. आवाज एकदम खुशीत. मावशी, त्यानं आपणहून सांगितलं, रजा घर बघायला घेतली होती, बायको आणि तो फ्लॅट विकून घर घ्यायलेत, बाग आहे मागं. मी म्हटलं बघ, विचारलं नाहीस की माणूस सांगतो. ती जरा थांबली. मग हळूच म्हणली, आणि मग मी विचारलं कितीला पडलं.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं अग काय शिकवलं तुला मी, एवढा तासभर फोन धरून. ती म्हणली अग पण मी आधी सॉरी टू बी नोझी म्हणलं होतं ना, तर त्यानं हसून सांगून टाकलं, पाउंडात. मी पुन्हा तिला झापलं, नातं, पट्टी, हद्द, सगळं. ती सगळं ऐकून घेतली आणि म्हणली, बरं मावशी, मग तो आकडा तुला सांगू का नको?

सांग, म्हटलं.